नारायणरावांची बैठक

नाव: अलकनंदा अमित चिटणीस. वय: एकोणपन्नास वर्षे पूर्ण. मुक्काम: दतिया गेटच्या आत, झाँसी. पद: व्हर्च्युअल असिस्टंट, अंशकालीन. कार्यालय: पुणे येथील संग्रहालयांची रचना करणारा एक स्टुडिओ, प्रत्यक्ष उपस्थितीची आवश्यकता नाही. कामाचे तास: सकाळी सात ते अकरा. वरिष्ठ: स्टुडिओच्या प्रमुख श्रीमती मयुरा. पती: रेल्वे सेवेत, सध्या बीना येथे. आपत्कालीन संपर्क: सासरे श्री. नारायणराव चिटणीस, वय ब्याऐंशी, मोबाइल चालू, कान अंशतः. स्वभावदोष: निरंक. सदर व्यक्ती शांत, विश्वासू व गोपनीयता पाळणारी असल्याचे प्रमाणित करण्यात येते.

हा तक्ता अलकनंदाबाईंनी चार वर्षांपूर्वी स्वतःच भरला होता; वयं तेवढी दरवर्षी बदलत. प्रमाणित करणाऱ्याही त्याच. त्याआधी सतरा वर्षं त्या एका खाजगी शाळेच्या ऑफिसात होत्या, त्यामुळे तक्ता रिकामा सोडणं त्यांच्या हातून होत नसे.

काम शिलाई मशीनवर चाले. मशीन आत मिटवून वर लॅपटॉप, पायाशी अजून ते पायडल. फोनवर कोणी जास्त बोलायला लागलं की अलकनंदाबाईंचे पाय आपोआप शिवायला लागत. पलीकडे पुण्यात मयुराजी असत. हाताखाली तीस माणसं, पाच शहरांत संग्रहालयं, आणि डोक्यात एका वेळी सात कल्पना. कल्पना सुचणं आणि सुचल्यावर विसरणं ही दोन्ही कामं मयुराजी स्वतः करत. आठवणं अलकनंदाबाईंकडे होतं. मयुराजी चालता चालता, जिना चढता चढता आवाजी निरोप पाठवत. "अलकाताई, ते मातीच्या भांड्यांचं दालन, तिथं उजेड खालून आला तर? आणि त्या इंदूरच्या माणसाला हो सांगा. नाही, थांबा, नाही सांगा. आणि माझा चष्मा कुठल्या दुकानात टाकलाय?" अलकनंदाबाई त्याची यादी करत. उजेड खालून: रचनाकारांना कळवले. इंदूर: नाही, पण गोड शब्दांत. चष्मा: लक्ष्मी रोडचे दुकान, गुरुवारी मिळेल.

टपालाचे त्यांनी तीन कप्पे केले होते: 'आजच', 'उद्या चालेल' आणि 'वजनाखाली'. तिसरा कप्पा सासरचा. चिटणिसांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक शिस्त होती. कधीकाळी कुणासाठी तरी पत्रं लिहायला म्हणून हे घराणं इकडं आलं. पत्रं लिहून घेणारे गेले, शिस्त राहिली. रागात लिहिलेलं पत्र लगेच धाडायचं नाही. कोनाड्यातल्या लोखंडी वजनाखाली एक रात्र ठेवायचं आणि सकाळी ते आपल्यालाच आलंय असं समजून वाचायचं. मग हवं तर धाडायचं. नारायणरावांच्या म्हणण्याप्रमाणे, ब्याऐंशी वर्षांत त्या वजनाखालून उठून टपालात पडलेली पत्रं तीन. मयुराजींची भांडणाची उत्तरं अलकनंदाबाई अशीच एक रात्र दाबून ठेवत. तशी सात माणसं स्टुडिओ सोडून जायची राहिली. हे त्या सात जणांना ठाऊक नाही.

पण अलकनंदाबाईंची खरी कमाई वेगळीच होती. पहिल्या वर्षी एकदा मयुराजी म्हणाल्या होत्या, "अलकाताई, मी तीन महिन्यांत एक रेघ ओढली नाही हो. नुसतं हो-नाही करते. कॅलेंडरवर मोकळी जागा दिसली की कोणी तरी येऊन बसतंच."

"मयुराजी, तुम्ही फिकर नका करू," अलकनंदाबाई म्हणाल्या. "मी बघून घेते."

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते दहा अशी नोंद आली: 'नारायणराव चिटणीस, झाँसी. महत्त्वाची बैठक.' स्टुडिओत कोणी ती नोंद हलवायला धजलं नाही. नावापुढे 'राव' आणि पुढे 'झाँसी' म्हटल्यावर लोक आपापलं ठरवून मोकळे झाले. एक जण म्हणे, जुना जहागीरदार असणार. दुसरा म्हणे, मोठं संग्रहालय काढतोय. त्या दोन तासांत मयुराजी दार लावून चित्रं काढत. अलकनंदाबाईंना त्यांनी एवढंच कळवलं: "नारायणरावांना माझा नमस्कार सांगा." शेवटी अंगठ्याचं चित्र.

नमस्कार पोचवला गेला. नारायणरावांनी तो मनावर घेतला. तेव्हापासून बैठकीच्या दिवशी ते साडेसातला आंघोळ उरकून कोट घालत आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसत. खाली वांगी घेऊन आलेला भाजीवाला ओरडे, "दद्दा, भटा लै लो!" तर हातानंच त्याला पुढं घालवत.

"बाबूजी, कुठं निघालात का?" शेजारचे विचारत.

"नाही. मीटिंग है."

असं तीन वर्षं चाललं. मग काम वाढलं आणि मनस्वी आली.

मनस्वी नागपूरची. वय सव्वीस, वेळ साडेअकरा ते साडेतीन. दोघींचं काम एका नोंदवहीवरून चाले, अर्थात ती वहीही स्क्रीनवरची. अकराला अलकनंदाबाई सकाळचं सगळं लिहून ठेवत, साडेअकराला मनस्वी ते उघडून पुढं चालवी. कोणी किती वाजता उघडलं ते शेजारी बारीक अक्षरांत दिसे. मनस्वी कधी अकरा एकतीसला उघडी, कधी अकरा चौतीसला. अलकनंदाबाईंना हे माहीत असण्याचं कामाच्या दृष्टीनं काही कारण नव्हतं.

मनस्वीची नोंद रंगीत असे. तातडीचं लाल, झालेलं हिरवं, आणि शेवटी रोज एक फूल. पहिल्याच आठवड्यात तिनं लिहिलं, "ताई, तुमचं 'फिकर नका करू' किती गोड आहे!" अलकनंदाबाईंनी त्या दिवसापासून 'काळजी' लिहायला सुरुवात केली. अडीचशे वर्षं झाँसीत राहून मराठी टिकवायची आणि ती नागपूरच्या पोरीनं गोड म्हणायची, हे त्यांना नीट गिळवेना.

मग त्यांनी निरोपांची लांबी बघायला सुरुवात केली. मयुराजींचे निरोप दोघींना दिसत; निरोप कोणासाठी आहे ते वर लिहिलेलं असे, आणि किती लांब तेही. अलकाताईंसाठी: एकतीस सेकंद. अलकाताईंसाठी: चोपन्न सेकंद. मनस्वीसाठी: सहा मिनिटं बारा सेकंद. त्या सहा मिनिटांत कामाचं दीड मिनिट होतं. बाकी मयुराजी हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मनस्वी, तू नसतीस तर मी मेले असते." आधीची तीन वर्षं त्या कशावर जगल्या याचा उल्लेख नव्हता.

मुलगी स्वराली कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळे. बोलायला ती हिंदी बरी समजे. एक दिवस ती आईच्या पाठीशी उभी राहिली.

"आई, जल रही हो क्या?"

"मी कशाला जळू? तिचा नि माझा संबंध काय?"

"वही तो. संबंध कुछ नहीं, और सवा ग्यारह से स्क्रीन देख रही हो. उसने लॉगिन किया कि नहीं."

"वीज जायचीय बाराला. त्याआधी बंद करावा लागतो."

"तो करो ना बंद."

अलकनंदाबाईंनी बंद केला. अकरा छत्तीसला.

मार्चच्या सुरुवातीला मयुराजींनी दोघींना एकत्र निरोप पाठवला. एका ट्रस्टचं मोठं संग्रहालय मिळण्याची शक्यता होती. मिळालं तर एप्रिलपासून पूर्णवेळ एकच मुख्य असिस्टंट हवी. तिला मयुराजींच्या नावानं उत्तरं द्यायचा अधिकार राहील, दुसरी तिच्या हाताखाली. "महिनाअखेर ठरवू. तोवर तुम्ही दोघींनी आपल्याला जे जे माहीत आहे ते सगळं एकमेकींसाठी लिहून ठेवा. काही म्हणजे काही लपवू नका हं."

अलकनंदाबाईंनी एकेचाळीस मुद्दे लिहिले. मयुराजींना सकाळी नऊच्या आत वाईट बातमी सांगू नये. इंदूरच्या माणसाला तीनदा नाही सांगावं लागतं. रागाचं टपाल 'वजनाखाली'. आईचा फोन आला तर कुठलीही बैठक तोडावी, वडिलांचा आला तर तोडू नये. लिहिताना त्यांची छाती जराशी फुगली. चार वर्षांत एक आख्खी बाई त्यांनी पाठ केली होती.

बेचाळिसावा मुद्दा नारायणरावांचा होता. 'नारायणराव' एवढं लिहून त्या थांबल्या. मग खोडलं. सगळं दिल्यावर माणसाकडं राहतं काय?

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी एकला नारायणरावांचा फोन वाजला. कानांमुळे ते नेहमी स्पीकर लावत. अलकनंदाबाई आत ताटं विसळत होत्या.

"नमस्कार, नारायणराव चिटणीस सर बोलताहेत का? मी मयुराताईंच्या ऑफिसातून मनस्वी."

अलकनंदाबाईंचा हात थांबला. आपत्कालीन संपर्क. नंबर तक्त्यात होता.

"बोला," नारायणराव म्हणाले, आणि कोट घातलेला नसल्यामुळे किमान सरळ बसले.

"सर, क्षमा करा हं. परवा शुक्रवारी आपली आठची बैठक आहे. पण एका ट्रस्टचे विश्वस्त नेमके नऊलाच यायचं म्हणताहेत. मयुराताई आज साइटवर आहेत, फोन लागत नाही. आपली बैठक न विचारता हलवणं मला बरं वाटेना. आपल्याला सोमवार चालेल का?"

अलकनंदाबाईंना फक्त चार पावलं टाकायची होती. "बाबा, फोन द्या" एवढे तीन शब्द. त्या मोरीशी उभ्या राहिल्या. बोलू दे. फजिती होऊ दे. महिनाअखेर आहेच.

नारायणराव घसा साफ करत होते. तीन वर्षं ते ज्या बैठकीला बसत होते तिच्याबद्दल कोणी तरी पहिल्यांदाच त्यांचं मत विचारत होतं.

"शुक्रवार हलणार नाही," ते म्हणाले.

"पण सर, ते विश्वस्त..."

"विश्वस्तांना अकराला बोलवा. म्हणावं, आधीचा शब्द दिलेला आहे. आधीचा शब्द मोडून जो तुम्हाला भेटतो, तो तुमचाही मोडेल. माणूस शहाणा असला तर थांबेल. नसला तर त्याचं संग्रहालय करून तरी काय करणार?"

पलीकडून मनस्वी म्हणाली, "सर, हे मी असंच्या असं लिहिते."

"लिहा. सही माझी नको."

विश्वस्त अकराला आले. शुक्रवारी आठ ते दहा मयुराजींनी दार लावून आख्खं प्रवेशदालन नव्यानं काढलं आणि तेच त्यांच्यासमोर ठेवलं. दुपारी काम मिळाल्याचं कळलं. मयुराजींचा निरोप आला. मनस्वीसाठी: चार मिनिटं चाळीस. "नारायणरावांची वेळ तू वाचवलीस! मी तर नऊला त्यांच्यासमोर जुनंच ठेवलं असतं. आणि काय वाक्य लिहिलंस गं, आधीचा शब्द मोडून! ते म्हातारे विश्वस्त खूश होऊन गेले." अलकाताईंसाठी: अंगठा.

हिशेब सरळ होता. बेचाळिसावा मुद्दा लिहिला असता तर बैठक खोटी आहे हे मनस्वीला कळलं असतं, तिनं ती मुकाट्यानं उडवली असती आणि विश्वस्त नऊला येऊन जुनं बघून गेले असते. अलकनंदाबाईंच्या मत्सरानं स्टुडिओला काम मिळालं होतं. ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात भरता येण्याजोगी नव्हती.

संध्याकाळी नोंदवहीत मनस्वीची ओळ होती, फुलासकट. "ताई, मी नारायणराव सरांशी बोलले. काय भारदस्त माणूस! तुमच्या यादीत त्यांच्याबद्दल काहीच नाही, राहिलं वाटतं. उद्घाटनाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवू या का? गाडी पाठवू. उद्या दुपारी मयुराताईंना विचारते."

अलकनंदाबाईंनी लॅपटॉप बाजूला सारला आणि कागदावर हातानं पत्र लिहिलं. मयुराजी, जिचं तुम्ही कौतुक करता तिला नारायणराव कोण हेसुद्धा ठाऊक नाही. दोन पानं. घडी घालून कोनाड्यातल्या वजनाखाली ठेवली.

जेवायला बसताना नारायणरावांनी कोनाड्याकडे पाहिलं.

"वजन सरकलंय. पत्र कोणाचं?"

"माझं."

"राग कोणावर?"

"कोणावर नाही."

"मग वजन कशाला वाया घालवलंस?" ते म्हणाले आणि वरणाची वाटी पुढं केली.

शनिवारी सकाळी साडेसहाला अलकनंदाबाईंनी पत्र काढून ते आपल्यालाच आलंय असं समजून वाचलं. पत्रात मनस्वीचं नाव अकरा वेळा होतं. त्यांच्या स्वतःच्या चार वर्षांच्या कामाबद्दल एक ओळ होती, तीही शेवटी. असं पत्र मयुराजींना आलं असतं तर त्यांनी ते कुठल्या कप्प्यात टाकलं असतं, हे सांगायला अलकनंदाबाईंपेक्षा लायक माणूस जगात नव्हता.

त्यांनी पत्र चार ठिकाणी फाडलं, मशीनशी बसल्या आणि लिहिलं: "बेचाळीस. नारायणराव ग्राहक नाहीत. ते माझे सासरे आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार आठ ते दहा मयुराजी चित्र काढतात. ही वेळ कोणालाही देऊ नये."

मनस्वीनं नोंद अकरा बत्तीसला उघडली. सहा मिनिटं काही झालं नाही. मग फोन आला. दोघी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"ताई! म्हणजे मी बुधवारी तुमच्या सासऱ्यांना..."

"हो."

"आणि ते म्हणाले विश्वस्तांना थांबवा, आणि मी थांबवलं! अहो, ते खरंच थांबले!" ती इतकी हसायला लागली की अलकनंदाबाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. "पण ताई, तुम्ही तेव्हा घरातच होतात ना? मला सांगितलं का नाही?"

"हात ओले होते," अलकनंदाबाई म्हणाल्या.

पलीकडचं हसू थांबलं. मनस्वीला कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "बरं. मी मयुराताईंना खरं सांगून टाकते. ते वाक्य माझं नव्हतंच. आणि बैठकही तुमची कल्पना." मनस्वीची सगळ्यांत असह्य खोड हीच होती. ती चांगली होती.

महिनाअखेर मयुराजींचा निरोप आला. अलकाताईंसाठी: आठ मिनिटं अकरा सेकंद. चार वर्षांतला सगळ्यांत लांब. अलकनंदाबाईंनी तो लगेच उघडला नाही. आधी नुसती लांबी बघितली, चहा ठेवला, तो गाळला आणि मग ऐकायला बसल्या. पाय पायडलवर.

"अलकाताई, तुमचे नारायणराव नसते तर मी चित्रं काढणंच विसरले असते. हे मी तुम्हाला कधी म्हटलंच नाही, चूक माझी." अशी पाच मिनिटं. अलकनंदाबाईंचे पाय संथ चालत होते. मग आवाज जरा खाली आला. "पण मुख्य काम मी मनस्वीला देतेय. का, ते सांगते. तिला माहीत नव्हतं, तेव्हा तिनं फोन करून विचारलं. तुम्हाला माहीत होतं, तेव्हा तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या नावानं उत्तरं द्यायची तर मला विचारणारी बाई हवी. सकाळ मात्र तुमचीच. सकाळ मी कोणाला देणार नाही."

पाय थांबले. उरलेलं मिनिटभर मयुराजी चष्म्याबद्दल बोलत होत्या. तो पुन्हा हरवला होता.

"क्या हुआ?" स्वरालीनं दारातून विचारलं.

"चष्मा हरवलाय त्यांचा."

"और तुम्हारा काम?"

"आहे ना. चष्मा शोधायचा."

चष्मा दहा वाजून पाच मिनिटांनी सापडला. ड्रायव्हरकडे होता.

एप्रिलपासून तक्त्यात एक दुरुस्ती झाली. वरिष्ठ: कुमारी मनस्वी. तिनंच कळवलं, "ताई, हे फक्त कागदावर हं," आणि फूल. बैठक चालू आहे. मनस्वी दर गुरुवारी नारायणरावांना फोन करून उद्याची वेळ पक्की करते. त्याची गरज नाही, पण करते. बोलणं वीस-वीस मिनिटं चालतं, स्पीकरवर. नारायणराव तिला वजनाच्या गोष्टी सांगतात, ज्या त्यांनी सुनेला चोवीस वर्षांत दोनदाच सांगितल्या.

"पोरगी आदबीनं बोलते," ते फोन ठेवताना म्हणतात. "विचारून करते सगळं."

"हो," अलकनंदाबाई म्हणतात आणि ताटं जरा जोरात ठेवतात.

बाकी नोंदी जशाच्या तशा आहेत. स्वभावदोष: निरंक. कामाचे तास: सकाळी सात ते अकरा.

अलकनंदाबाई पावणेबारापर्यंत लॉगआउट करत नाहीत.